गायतोंडे पाहायचे तर कोणत्या संग्रहालयात? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी एक तुलना

अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांविषयी छापील पान किंवा फोनचा पडदा पाहून मत बनवू नये, असे माझे ठाम मत आहे. त्यांच्या परिपक्व काळातील कॅनव्हास दुरून पाहिला तर जवळजवळ एकरंगी वाटतो. जवळ गेल्यावर मात्र पातळ केलेल्या तैलरंगाचे थरावर थर, रोलर फिरल्याच्या आणि पॅलेट नाइफने रंग ओढून काढल्याच्या खुणा, आणि रंगात भिजवलेले कागदाचे कपटे ठेवून उचलल्यावर मागे राहिलेल्या फाटक्या कडा एकेक करून दिसू लागतात. हे सारे कॅमेऱ्यात उतरत नाही. म्हणूनच ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्या, कामाच्या आठवड्यातून कसाबसा एक दिवस मोकळा काढू शकणाऱ्या रसिकाला दक्षिण मुंबईत जावेच लागते. तिथे गेल्यावर दिवस कोणत्या संग्रहालयाला द्यावा, हा प्रश्न उरतो आणि त्याचे उत्तर ज्याच्या त्याच्या गरजेनुसार बदलते.

घराजवळ ही सोय नाही. कापूरबावडीचे ठाणे कला भवन आजच्या चित्रकारांच्या प्रदर्शनांसाठी मोलाचे आहे आणि तिथे अधूनमधून अवश्य जावे, पण विसाव्या शतकातील मोठ्या चित्रकारांचा कायमस्वरूपी संग्रह ठाण्यात किंवा नवी मुंबईत कुठेही नाही.

खरी निवड दोन संस्थांमध्ये आहे आणि त्या रिगल सिनेमाजवळच्या चौकात महात्मा गांधी मार्गाच्या दोन बाजूंना समोरासमोर उभ्या आहेत. एक छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, ज्याच्या पूर्वेकडील विंगेत दुसऱ्या मजल्यावर जहांगीर निकल्सन यांच्या संग्रहाची गॅलरी आहे. दुसरे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, जे सर कावसजी जहांगीर सभागृहाच्या १९११ च्या वास्तूत १९९६ पासून चालू आहे. दोन्ही इमारतींचा वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट हा एकच, तरी चित्र पाहण्याचा अनुभव दोन्हीकडे अगदी वेगळा येतो.

प्रथम निकल्सन गॅलरीविषयी. जहांगीर निकल्सन हे मुंबईतील कापूस व्यापारी. त्यांनी १९६८ साली पहिले चित्र विकत घेतले आणि २००१ मध्ये निधन होईपर्यंत सुमारे आठशे आधुनिक व समकालीन कलाकृती जमवल्या. या संग्रहाला मुंबईत हक्काचे घर मिळावे ही त्यांची इच्छा होती. ती त्यांच्या पश्चात पूर्ण झाली आणि २०११ मध्ये वस्तुसंग्रहालयात ही गॅलरी उघडली. एकाच माणसाच्या आवडीतून उभा राहिलेला संग्रह असल्यामुळे त्यात सरकारी निवडीचा समतोलपणा नाही, आवडनिवड स्पष्ट दिसते, आणि मला तेच या संग्रहाचे बलस्थान वाटते. गायतोंडे या संग्रहात आहेत आणि त्यांच्या पिढीतील इतर मोठी नावेही आहेत. गॅलरी आटोपशीर आहे. एका भेटीत सगळे पाहून एखाद्या चित्राकडे पुन्हा परतता येते, आणि गायतोंडे पाहताना हे परतणे फार महत्त्वाचे ठरते. पहिल्यांदा नजर रंग पाहते, त्या रंगाखालचा रंग दुसऱ्या फेरीत कळतो.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आठशे कलाकृती एका वेळी भिंतीवर लावता येत नाहीत, म्हणून गॅलरीत ठरावीक काळाने विषय घेऊन प्रदर्शने बदलत राहतात. एखाद्या प्रदर्शनात गायतोंडे यांचा कॅनव्हास मध्यवर्ती असतो, एखाद्यात तो मुळीच नसतो. तेव्हा निघण्यापूर्वी फोन करून, सध्या गायतोंडे भिंतीवर आहेत का, असे नाव घेऊन विचारावे. 'गॅलरी चालू आहे का' एवढेच विचारले तर 'हो' असे उत्तर मिळते आणि त्यातून हवे ते कळत नाही.

या संग्रहालयाची एक जमेची बाजू बहुतेकांच्या लक्षात येत नाही आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गायतोंडे यांनी १९४८ मध्ये सर ज. जी. कलाशाळेतून पदविका घेतली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत त्यांनी बसोली शैलीची आणि जैन पोथ्यांतील लघुचित्रे बारकाईने अभ्यासली. त्यांच्या त्या काळातील चित्रांत माणसे आहेत, सपाट लखलखीत रंग आहेत आणि जाड रेघ आहे. पुढे त्यांनी आकृती काढून टाकली आणि रंगांचे परस्परांशी असलेले प्रमाण तेवढे ठेवले. वस्तुसंग्रहालयाच्या लघुचित्रांच्या दालनात पहाडी शैलीची चित्रे आहेत, आणि बसोली ही पहाडीचीच एक शाखा. ती आधी पाहून मग निकल्सन गॅलरीत गेले, तर 'यात काढले तरी काय आहे' हा नवख्या प्रेक्षकाचा नेहमीचा प्रश्न बराचसा सुटतो. बसोलीच्या चित्रातील पिवळ्या पट्ट्याला खेटून असलेला गडद लाल चौकोन पाहा, आणि त्यातील राजा-राणी नजरेआड करून केवळ ते दोन रंग एकमेकांना कसे तोलून धरतात एवढेच पाहा. नंतर गायतोंडे समोर आले की ते परके वाटत नाहीत. हा प्रवास एकाच छताखाली करण्याची सोय समोरच्या संग्रहालयात नाही.

राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे सामर्थ्य निराळे आहे. एकेकाळी इथे सभा आणि संगीताच्या मैफली होत असत. त्या सभागृहाच्या आत आता अर्धवर्तुळाकार दालने एकावर एक रचलेली आहेत आणि जिन्याने चढत चढत आपण शेवटी घुमटाखाली पोहोचतो. ही रचना एका चित्रकाराच्या सिंहावलोकी प्रदर्शनासाठी जणू बेतून केलेली आहे. तळमजल्यावर विद्यार्थिदशेतील कामे, वरच्या मजल्यावर मधला काळ आणि घुमटाखाली परिपक्व कॅनव्हास अशी मांडणी करता येते. नागावला जन्मलेल्या प्रभाकर बरवे यांचे असे मोठे प्रदर्शन २०१९ मध्ये याच वास्तूत झाले होते. एखाद्या चित्रकाराची पन्नास वर्षांची वाटचाल क्रमाने पाहायची असेल तर मुंबईत याहून योग्य जागा मला माहीत नाही.

गायतोंडे यांच्या बाबतीत हा क्रम विशेष बोलका आहे. नागपुरात १९२४ साली जन्म, गिरगावात बालपण, भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमधील समुद्राजवळचा स्टुडिओ, १९५७ मध्ये तोक्योतील तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात पहिले पारितोषिक, १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क आणि १९७२ मध्ये कायमचे दिल्लीला स्थलांतर, असे हे टप्पे आहेत. साठच्या दशकातील त्यांचे कित्येक कॅनव्हास आडवे आहेत आणि त्यांत क्षितिजाचा भास होतो. पुढे ते उभ्या कॅनव्हासवर स्थिरावले आणि तो भासही गेला. १९८४ मधील अपघातानंतर मोठा कॅनव्हास हाताळणे काही वर्षे शक्य नव्हते, त्या काळात त्यांनी कागदावर रेखाटने केली. हे सारे टप्पे शेजारी शेजारी दिसले तरच त्यांच्या संथपणामागची शिस्त कळते. ते वर्षाला मोजकीच, बहुतेकदा पाच-सहा चित्रे पूर्ण करीत.

तथापि या संग्रहालयाचा सर्वांत मोठा दोष त्याच गुणाला चिकटलेला आहे. इथे प्रदर्शनांचे चक्र चालते. ज्या महिन्यांत एखाद्या छायाचित्रकाराचे वा शिल्पकाराचे प्रदर्शन असेल, त्या महिन्यांत तुम्हाला हवा तो चित्रकार दिसणार नाही. दोन प्रदर्शनांच्या मधल्या काळात मांडणीसाठी दालने बंदही असतात. राष्ट्रीय संग्रहाचा मोठा भाग दिल्लीला जयपूर हाउसमध्ये आहे, आणि तो मुंबईत केव्हा येईल हे प्रेक्षकाच्या हाती नसते. याउलट वस्तुसंग्रहालयात गायतोंडे नसले तरी दिवस वाया जात नाही. शिल्पे आहेत, लघुचित्रे आहेत, टाटा बंधूंनी जमवलेली युरोपीय तैलचित्रे आहेत.

तिकिटाचा विचार केला तर राष्ट्रीय संग्रहालयाचे शुल्क अगदी नाममात्र आहे, वस्तुसंग्रहालयाचे त्याच्या कितीतरी पट आहे. चौघांच्या कुटुंबाला हा फरक जाणवतो. पण वस्तुसंग्रहालयात त्या पैशात संपूर्ण दिवसाचा ऐवज मिळतो, म्हणून केवळ तिकिटावरून निर्णय करू नये असे मी म्हणेन.

गर्दीचे गणित वेगळे आहे. वस्तुसंग्रहालयाच्या मुख्य घुमटाखाली शाळांच्या सहली आणि पर्यटक यांची सदैव वर्दळ असते, रविवारी तर तिकीटखिडकीपासूनच रांग लागते. मात्र त्यातले फार थोडे लोक दुसऱ्या मजल्यावरच्या निकल्सन गॅलरीपर्यंत येतात, त्यामुळे खालचा कलकलाट ओलांडून गेलात तर वर बऱ्यापैकी शांतता मिळते. राष्ट्रीय संग्रहालय आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी पुष्कळदा जवळजवळ रिकामे असते. गायतोंडे यांच्या एका कॅनव्हाससमोर किमान वीस मिनिटे उभे राहावे किंवा बसावे. सुरुवातीची पाच मिनिटे काहीच घडत नाही आणि बहुतेक जण नेमके तेव्हाच पुढे सरकतात. पाठीमागे कोणी ताटकळत उभे नसेल तरच इतका वेळ देता येतो.

लहान मुले बरोबर असतील तर निःसंशय वस्तुसंग्रहालय निवडावे. ज्येष्ठ मंडळी असतील तर दोन्हीकडे चढउतार आहे हे गृहीत धरून, लिफ्ट चालू आहे का तेही त्याच फोनवर विचारून घ्यावे.

आणखी काही पर्याय थोडक्यात सांगतो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभा यांच्या पुढाकाराने पन्नाशीच्या दशकापासून जमलेला आधुनिक चित्रांचा उत्कृष्ट संग्रह आहे आणि त्यात गायतोंडे आहेत. पण ती संशोधन संस्था आहे, तिकीट काढून आत जाण्याची जागा नव्हे, त्यामुळे पूर्वपरवानगीखेरीज तो पर्याय धरू नये. दुसरा पर्याय अनेकांना ठाऊकच नसतो. मोठे लिलाव होण्यापूर्वी लिलावसंस्था विक्रीची चित्रे काही दिवस लोकांना पाहण्यासाठी मांडतात आणि तिथे सहसा प्रवेशशुल्क नसते. २०१३ मध्ये ताजमहाल हॉटेलातील लिलावात गायतोंडे यांचे १९७९ चे एक चित्र २३.७ कोटी रुपयांना गेले, तेव्हापासून त्यांची चित्रे लिलावांत वारंवार आघाडीवर असतात. अशा वेळी खासगी घरांत अडकलेला कॅनव्हास चार-पाच दिवस सर्वांसाठी खुला होतो आणि नंतर पुन्हा दशकानुदशके दिसेनासा होतो. आत शिरताना संकोच वाटतो हे खरे, पण विकत घेणार का असे कोणी विचारत नाही. बातम्यांवर लक्ष ठेवून ही संधी साधणे संग्रहालयाच्या भेटीइतकेच मोलाचे आहे.

आता जाण्यायेण्याविषयी. ठाण्याहून जलद लोकलने आणि वाशी, नेरूळ, बेलापूर, पनवेलहून हार्बर मार्गाने सरळ छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरावे. तिथून दादाभाई नौरोजी रस्त्याने हुतात्मा चौक ओलांडून वीस-पंचवीस मिनिटांत काळा घोडा, म्हणजे या दोन्ही संग्रहालयांचा परिसर, गाठता येतो. चालायचे नसेल तर भुयारी मेट्रोचे हुतात्मा चौक स्थानक एकाच थांब्यावर आहे. उलव्याकडच्या मंडळींना अटल सेतूचा मोह होईल, पण काळा घोडा परिसरात गाडी उभी करायला जागा शोधण्यातच अर्धा तास जातो. रविवारी मेगाब्लॉकचे वेळापत्रक पाहिल्याशिवाय निघू नये. हार्बरवर ब्लॉक असला तर पनवेलकरांना ठाण्यावरून वळसा घालावा लागतो आणि चित्रासमोर बसण्याचा वेळ गाडीतच संपतो. सोमवारी राष्ट्रीय संग्रहालय बंद असते, वस्तुसंग्रहालय उघडे असते. सोमवारी साप्ताहिक सुटी असणाऱ्यांचा निर्णय तिथेच होतो.

माझा कल विचाराल तर, गायतोंडे प्रथमच पाहणाऱ्याने वस्तुसंग्रहालयात जावे, सकाळी दार उघडताच आधी लघुचित्रे आणि लगेच निकल्सन गॅलरी असा क्रम ठेवावा आणि बाकीची दालने जेवणानंतरसाठी राखावीत. ज्याने त्यांची चार-दोन चित्रे आधी पाहिली आहेत त्याने मात्र राष्ट्रीय संग्रहालयात गायतोंडे यांचे किंवा त्यांच्या पिढीचे मोठे प्रदर्शन लागण्याची वाट पाहावी, आणि ते लागले की रविवारची वाट न पाहता मधल्या वारी रजा टाकून जावे. दोन्ही ठिकाणी गायतोंडे भिंतीवर असल्याचे फोनवर कळले, तर अकरा ते एक निकल्सन गॅलरी आणि रस्ता ओलांडून दुपारी तीननंतर राष्ट्रीय संग्रहालय असा एका दिवसाचा बेत सहज जमतो, आणि संध्याकाळच्या गर्दीपूर्वीची परतीची लोकल पकडण्यासाठी साडेचारच्या सुमारास तिथून निघता येते.