जुन्या जर्मन माउझर रायफलीच्या लाकडी दस्त्यावरचे शिक्के: फोटोसाठी फ्लॅश की तिरपा उजेड?

फ्लॅश सोपा, पण अक्रोडाच्या तेलकट लाकडावर नुसती चकाकी येते आणि शिक्का सपाट होऊन जातो. नोंदीपुरता ठीक. खोली अंधारी करून टॉर्च दस्त्याला जवळजवळ टेकवून आडवा धरला, की कडांची सावली पडते आणि ‘गेवेअर ९८’ या माउझर रायफलीवरचा मुकुट, खालचं गॉथिक अक्षर वर उठतं. फक्त टॉर्च चारही बाजूंनी फिरवा. उजेडाला समांतर रेघा दिसतच नाहीत. शिक्का उठून दिसावा म्हणून खडू मात्र घासू नका!

मुकुट म्हणजे कैसरचा, जर्मन सम्राटाचा काळ; नाझी काळातल्या के९८के या माउझर रायफलीवर गरुड. नेमकं साल मात्र नळीमागच्या रिंगवर. दस्ते बदलले जात, म्हणून बंदुकीवरच्या क्रमांकाशी ताडायला दस्त्याच्या नळीखालच्या खाचेतला क्रमांकही टिपा.