कॅटालिना ३०: रुंद केबिन, आणि विकत घेण्याआधी गाद्या उचलून पाहायच्या जागा

कॅटालिना ३० या शिडाच्या बोटीचे बहुतेक गुण आणि काही दोष तिच्या रुंदीतून आले आहेत. लांबी २९ फूट ११ इंच आणि रुंदी १० फूट १० इंच. ही बोट आली तेव्हा, म्हणजे १९७० च्या दशकात, या लांबीच्या बहुतेक शिडाच्या बोटी याहून अरुंद असत. कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या कॅटालिना यॉट्सचे संस्थापक फ्रँक बटलर यांनी तिची आखणी केली आणि पुढे अशा सहा हजारांहून अधिक बोटी पाण्यात उतरल्या. त्यामुळे जुनी बोट सहज सापडते, सुटे भाग मिळतात, आणि ती कुठे कुठे दगा देते हेही आता नेमके ठाऊक झाले आहे. घेणाऱ्यासाठी यातली शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची.

आत सहा फुटी माणूस ताठ उभा राहतो. नाळेत (बोटीच्या पुढच्या टोकात) त्रिकोणी बिछाना, मध्ये टेबलाभोवतीची बैठक (रात्री तिचाच पलंग होतो), मागे कॉकपिटखाली (बोट चालवणारे बसतात त्या उघड्या जागेखाली) आणखी एक रुंद बिछाना. सात जण झोपतील असे म्हणतात, पण सामानासकट आठवडा काढायचा तर दोन मोठी माणसे आणि दोन-तीन मुले हे खरे गणित.

वजन सुमारे ४,६२७ किलो, त्यातले १,९०५ किलो कीलमध्ये (तळाखालच्या जड पात्यात), म्हणजे ४१ टक्के. रुंदी आणि हे वजन मिळून बोट सुरुवातीला फारशी कलत नाही, म्हणून नवखी माणसे आणि मुले तिच्यावर निर्धास्त बसतात. पण २० अंशांच्या पुढे कलली की रुंद पिछाडी वर उचलली जाते, सुकाण्याची पकड कमी होते आणि बोट आपणहून वाऱ्याकडे तोंड फिरवू लागते. अशा वेळी सुकाण्याच्या चाकाशी झटण्यात अर्थ नाही. वारा १५ नॉटच्या (एक नॉट म्हणजे तासाला सुमारे १.८५ किमी) आसपास आला की मेनला, म्हणजे मुख्य शिडाला, पहिला रीफ घ्या (शीड थोडे आखडा), मोठी जिब (पुढचे शीड) असेल तर तीही थोडी गुंडाळा. वेग कमी होत नाही, उलट बोट सरळ चालते. पाणरेषा (पाण्याच्या पातळीवरची बोटीची लांबी) २५ फुटांची, म्हणून कमाल वेग ६.७ नॉटच्या घरात. प्रवासाचा हिशोब मात्र ५ नॉटनेच करावा. 'टॉल रिग' या प्रकारात डोलकाठी नेहमीपेक्षा सुमारे दोन फूट जास्त उंच असते. जिथे वारा बहुधा मंद असतो तिथेच ती घ्यावी.

आता बिल्ज, म्हणजे बोटीच्या आतला पाणी साचणारा सर्वांत खालचा भाग. जुन्या बोटींत कील जिथे हलला (बोटीच्या मुख्य अंगाला) बोल्टने जोडलेली असते, तिथल्या फायबरग्लासच्या थरांमध्ये प्लायवूड घातलेले आहे. बोल्टच्या भोकांतून पाणी झिरपते, लाकूड कुजते, बोल्ट घट्ट आवळले तरी खालचा थर दबत जातो. मग कीलच्या पुढच्या टोकाशी सांध्यावर भेग दिसते. या भेगेला सगळे 'कॅटालिना स्माइल' म्हणतात. नुसती भेग हे घाबरण्याचे कारण नाही: सांधा खरवडून साफ करायचा, सीलंट भरायचे, बोटीचा भार कीलवर टेकवायचा आणि बनवणाऱ्याने दिलेल्या टॉर्कने (पिळाच्या जोराने) बोल्ट आवळायचे. पण दर वर्षी तीच भेग उघडत असेल, किंवा बोट जमिनीवर उचललेली असताना सांध्यातून तपकिरी पाणी टपकत असेल, तर लाकूड गेले असे धरा. बिल्जमध्ये दोन बोल्टांच्या मधोमध, हलच्या आरपार न जाता, बारीक भोक पाडले की कळते: भुसा कोरडा आणि पिवळसर असावा, काळा चिखल निघू नये. ओले लाकूड कोरून काढून तिथे ग्लास आणि इपॉक्सीचे थर भरणे हाच खरा उपाय, आणि ते काम मोठे आहे.

डोलकाठी डेकवर उभी असते. तिचा भार केबिनमधला खांब खाली नेतो. त्या खांबाखालचा लाकडी ठोकळा बिल्जच्या पाण्यात भिजून कुजतो. खूण सोपी आहे: शौचालयाचे दार अडकू लागते, डोलकाठीच्या तारा आवळूनही पुन्हा ढिल्या पडतात. डेकवर काठीच्या पायथ्याशी सरळ पट्टी ठेवून खळगा पडलाय का ते बघा. डेक दोन थरांच्या मध्ये लाकूड असलेला आहे, म्हणून चेनप्लेटभोवती (डोलकाठीच्या तारा जिथे अडकवतात त्या धातूच्या पट्ट्यांभोवती) प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत जा. टणक आवाजाऐवजी बद्द आवाज आला तर आत पाणी आहे.

जुन्या बोटींत हलमधल्या भोकांवर पितळी गेट व्हॉल्व्ह असतात. ते गंजून अडकतात, किंवा दांडा फिरतो आणि आतली झडप जागची हलत नाही. ब्राँझचे सीकॉक (हलमधले भोक बंद करणारे झडपेचे नळ) बसवल्याशिवाय बोट पाण्यात सोडू नये.

विजेचा एक धोका हमखास दुर्लक्षिला जातो. इंजिनापासून कॉकपिटच्या पॅनेलपर्यंतची वायरिंग मध्ये प्लास्टिकच्या प्लगने जोडलेली असते आणि अल्टरनेटरचा (इंजिनावर चालणाऱ्या वीजजनित्राचा) सगळा प्रवाह अॅमीटरसाठी तिथून जातो. पिना गंजल्या की रोध वाढतो, प्लग तापून वितळतो, आग लागू शकते. प्लग कापून टाका, टर्मिनल ब्लॉक बसवा, अॅमीटरच्या जागी व्होल्टमीटर लावा आणि अल्टरनेटरची जाड वायर फ्यूजसह थेट बॅटरीकडे न्या. एका दिवसाचे काम आहे.

इंजिनांत अॅटॉमिक ४ हे पेट्रोलवर चालते. सुरू करण्याआधी किमान चार मिनिटे ब्लोअर (पेट्रोलची वाफ बाहेर काढणारा पंखा) चालवावाच लागतो. ११ अश्वशक्तीचे युनिव्हर्सल डिझेल या वजनाला तोकडे पडते, समोरून वारा आणि लाट असली की बोट जागची हलत नाही. २१ अश्वशक्तीचे एम-२५ मिळाले तर तेच निवडा, मात्र अल्टरनेटरचे मूळ ब्रॅकेट तुटते, ते बदलले आहे ना हे आधी तपासा.

कॉकपिट ऐसपैस आहे, केबिनचे दारही रुंद आहे, पण त्याचा उंबरा बसका आहे. किनाऱ्यालगत त्याने काही बिघडत नाही. मोकळ्या समुद्रात मात्र मागून आलेली लाट कॉकपिट भरून थेट आत शिरेल, म्हणून दाराची खालची फळी अडकवून, निघणार नाही अशी खिट्टी लावूनच निघा.