नौकेच्या बॅटरीवर लॅपटॉप: इन्व्हर्टर, डीसी अडॅप्टर की टाइप-सी?

लॅपटॉपला साधारण १९ ते २० व्होल्टचा डीसी पुरवठा लागतो आणि शिडाच्या लहान नौकेवर बहुतेक वेळा १२ व्होल्टची बॅटरी असते. सगळा प्रश्न या फरकातून उभा राहतो. मुंबई बंदरात किंवा मांडवीच्या पात्रात नांगरलेल्या नौकेवर बसून दिवसभर कचेरीचे काम करायचे असो, अथवा ओपनसीपीएनसारख्या मोफत प्रणालीवर सागरी नकाशे उघडून किनाऱ्याकिनाऱ्याने मालवणपर्यंत जायचे असो, हा फरक भरून काढण्याचे तीन मार्ग आहेत. इन्व्हर्टर बसवून २३० व्होल्ट तयार करायचे आणि त्यात घरचाच अडॅप्टर लावायचा, हा पहिला. १२ व्होल्टवरून थेट १९ किंवा २० व्होल्ट देणारा, गोल पिनेचा डीसी अडॅप्टर घ्यायचा, हा दुसरा. यूएसबी टाइप-सीचा पॉवर डिलिव्हरी चार्जर, म्हणजे ज्याला सगळे पीडी चार्जर म्हणतात तो, नौकेच्या वायरिंगमध्ये कायमचा बसवायचा, हा तिसरा. लॅपटॉप टाइप-सीवर चार्ज होत असेल तर तिसरा मार्ग घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे, मात्र त्यासाठी नेहमी दिले जाणारे कारण मला फारसे पटत नाही.

ते कारण विजेच्या अपव्ययाचे. इन्व्हर्टरच्या मार्गात वीज दोनदा रूपांतरित होते: आधी १२ चे २३० आणि मग अडॅप्टरमध्ये २३० चे २०. दोन्ही टप्प्यांवर सुमारे ८८ टक्के कार्यक्षमता धरली तर बॅटरीतून निघालेल्या विजेपैकी ७७ टक्केच लॅपटॉपपर्यंत पोहोचते. चांगल्या डीसी रूपांतरकात हा आकडा ९० टक्क्यांच्या थोडा वर असतो. ऐकायला तफावत मोठी वाटते. प्रत्यक्षात सरासरी २५ वॅट घेणारा लॅपटॉप आठ तास चालवला तर २०० वॅट-तास लागतात. त्यासाठी डीसी मार्गाने बॅटरीतून सुमारे १८ अँपिअर-तास जातात आणि इन्व्हर्टरने सुमारे २२. चार अँपिअर-तास वाचवण्यासाठी कोणी नवी वस्तू विकत घेऊ नये. खरे नुकसान काम संपल्यावर इन्व्हर्टर चालूच राहतो तेव्हा होते. ३०० वॅटचा लहान इन्व्हर्टर काहीही न जोडता अर्ध्या अँपिअरच्या आसपास खातो, म्हणजे उरलेल्या सोळा तासांत आणखी आठ अँपिअर-तास गेले. दोन हजार वॅटचा असेल तर याच्या दुप्पट-तिप्पटही जातात. १०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी टिकवायची असेल तर तिच्यातून निम्मीच वीज वापरावी लागते आणि त्या पन्नासातच फ्रीज, दिवे, पंप आणि रेडिओ बसवायचे असतात, हे लक्षात घेतले की हे आठ अँपिअर-तास फार महाग वाटू लागतात. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीतून ८० टक्क्यांपर्यंत वीज निर्धास्तपणे काढता येते, त्यामुळे तिथे हा हिशेब इतका कडक राहत नाही.

इन्व्हर्टरचा दुसरा दोष सुरक्षेशी निगडित आहे. खाऱ्या, दमट केबिनमध्ये २३० व्होल्ट खेळवणे ही गंभीर बाब आहे आणि लहान इन्व्हर्टरमधून निघणाऱ्या दोन्ही तारा बहुधा कशालाच अर्थिंग केलेल्या नसतात, त्यामुळे पुढे आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, लावला तरी गळती झाल्यावर तो पडेलच याची खात्री नसते. मोठा इन्व्हर्टर कायमचा बसवायचा असेल तर न्यूट्रल आणि अर्थ यांची जोडणी नौकांचे काम जाणणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी. शिवाय स्वस्त इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर, देत नाहीत. लहान अडॅप्टर त्यावर बहुधा चालतात, पण गुणगुणतात आणि अधिक तापतात. ७५ वॅटपेक्षा मोठ्या अडॅप्टरांत पॉवर फॅक्टर सुधारणारे सर्किट असते, ते अशा पुरवठ्यावर कुरकुर करू शकते. म्हणून इन्व्हर्टर घ्यायचाच तर शुद्ध साइन वेव्हचा आणि गरजेपुरता लहान घ्यावा. त्याच्या कमी व्होल्टेजच्या भोंग्यावर मात्र विसंबू नये. तो साधारण १०.५ ते ११ व्होल्टला वाजतो आणि तोपर्यंत लेड-ॲसिड बॅटरी जवळजवळ रिकामी झालेली असते.

गोल पिनेच्या डीसी अडॅप्टरात हे दोष नाहीत, त्याची अडचण वेगळीच आहे. डेल आणि एचपी यांचे बरेच लॅपटॉप मधल्या बारीक पिनेतून अडॅप्टरची ओळख तपासतात. ओळख पटली नाही तर यंत्र चालते, पण बॅटरी चार्ज करत नाही किंवा प्रोसेसरची गती उतरवते. त्यामुळे ‘सर्व लॅपटॉपसाठी’ असे लिहिलेला, टोके बदलता येणारा अडॅप्टर घेण्यापूर्वी तो आपल्याच यंत्रावर लावून पाहावा. दुसरे असे की हा अडॅप्टर त्या लॅपटॉपबरोबरच निवृत्त होतो. टाइप-सी नसलेले जुने, चांगले चालणारे यंत्र हाताशी असेल तरच त्यावर पैसे घालावेत.

टाइप-सीमध्ये चार्जर आणि लॅपटॉप आपसात ठरवून ५, ९, १५ किंवा २० व्होल्ट निवडतात. तीन अँपिअरच्या साध्या केबलवर कमाल ६० वॅट आणि ओळखचिप असलेल्या पाच अँपिअरच्या केबलवर १०० वॅट मिळतात. २०२१ मधल्या सुधारित मानकाने ही मर्यादा २४० वॅटपर्यंत नेली, पण १२ व्होल्टवर चालणारे तेवढे मोठे चार्जर शोधण्यात वेळ घालवू नये. कचेरीच्या कामाच्या लॅपटॉपला ६५ वॅट पुरतात. खोक्यावर १०० वॅट लिहिलेले असले तरी दोन पोर्ट एकाच वेळी वापरल्यावर प्रत्येकाला किती मिळतात ते बारीक अक्षरांत वाचावे. नौकेच्या दृष्टीने या मार्गाचा एक फायदा सहसा कोणी सांगत नाही: टाइप-सीच्या पोर्टमध्ये समोर काही जोडेपर्यंत वीज येतच नाही, त्यामुळे खारे थेंब उडाले तरी कायम १२ व्होल्ट सोसणाऱ्या सिगारेट-लायटर सॉकेटच्या मानाने तो सावकाश गंजतो.

त्या सॉकेटविषयी थोडे परखड लिहिणे भाग आहे. तो मुळात लायटर तापवण्यासाठी घडवलेला आहे आणि इंजिनाच्या थरथरीने प्लग सैल झाला की संपर्काच्या जागी उष्णता वाढते. प्लास्टिक वितळण्यापर्यंत मजल जाते. ६५ वॅटच्या चार्जरला १२ व्होल्टवर सुमारे सहा अँपिअर लागतात. हे सहा अँपिअर दीड चौरस एमएमच्या वायरने पॅनेलपासून पाच मीटर दूर नेले, तर जाऊन-येऊन दहा मीटर तांब्यात जवळजवळ पाऊण व्होल्ट गळतो, म्हणजे सहा टक्के. हीच वायर चार चौरस एमएमची घेतली तर घट पाव व्होल्टच्या आसपास राहते. बॅटरी १२.२ व्होल्टवर उतरलेली असताना हा अर्धा व्होल्ट मोलाचा ठरतो, कारण पुरवठा घटला की रूपांतरक तेवढीच शक्ती देण्यासाठी अधिक अँपिअर ओढतो आणि घट आणखी वाढते. म्हणून चार्जर थेट फ्यूज पॅनेलवर, स्वतंत्र दहा अँपिअरचा फ्यूज आणि स्वतंत्र स्विच देऊन, टिनचा मुलामा असलेल्या वायरने बसवावा. मार्ग कोणताही निवडा, लॅपटॉप वारंवार चार्जिंग सोडत असेल तर आधी वायर आणि तिच्या टोकाचे लग तपासावेत, चार्जर त्यानंतर.

रेडिओतला खरखराट तिन्ही मार्गांना सारखाच लागू आहे आणि तो यंत्राच्या प्रकारापेक्षा दर्जावर अवलंबून असतो. नौकांचा व्हीएचएफ १५६ ते १६२ मेगाहर्ट्झमध्ये चालतो, संकटकाळाचा चॅनेल १६ हा १५६.८ वर आहे, आणि एआयएसच्या, म्हणजे जहाजांची ओळख आणि स्थान कळवणाऱ्या यंत्रणेच्या, दोन वारंवारता १६२ च्या अगदी शेजारी आहेत. स्वस्त रूपांतरकाचा गोंगाट नेमका या पट्ट्यात शिरू शकतो. तपासणी सोपी आहे: रिकाम्या चॅनेलवर स्क्वेल्च, म्हणजे रेडिओची खरखर दाबणारे बटण, पूर्ण उघडून चार्जर चालू-बंद करावा आणि मग कोणी दूरवरून बोलत असताना पुन्हा करून पाहावा. फरक ऐकू आला तर वस्तू परत करावी. वायरीवर गोंगाट शोषणारे फेराइटचे मणी अडकवत बसण्यापेक्षा ते बरे. दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन न्याव्यात आणि होकायंत्रापासून दूर ठेवाव्यात. लॅपटॉपच्या स्पीकरमध्येही चुंबक असतो, हे नकाशाच्या टेबलावर विसरले जाते.

मासेमारीच्या किंवा मोठ्या नौकेवर २४ व्होल्टची यंत्रणा असेल तर ९ किंवा १० ते ३२ व्होल्ट घेणारा चार्जर निवडावा. २४ व्होल्टसाठी एकापुढे एक जोडलेल्या दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्टचा फाटा काढण्याची सवय मात्र कटाक्षाने टाळावी, कारण ती एक बॅटरी कायम अर्धी आणि दुसरी कायम जादा चार्ज होत राहते आणि वर्ष-दोन वर्षांत दोन्ही जातात.

इंजिन सुरू करणारी बॅटरी आणि वापराची बॅटरी वेगळ्या असतील तर लॅपटॉप नेहमी वापराच्या बॅटरीवर असावा. सेल्फ मारताना इंजिनाच्या बॅटरीचे व्होल्टेज नऊ-दहापर्यंत कोसळते, चार्जर क्षणभर मरतो आणि पुन्हा उठतो. लॅपटॉप तेवढा वेळ स्वतःच्या बॅटरीवर निघतो, त्यामुळे त्याची फार चिंता नको. चिंता ही, की लॅपटॉपने इंजिनाची बॅटरी उतरवली तर सेल्फ फिरणार नाही आणि वाऱ्याविना खाडीच्या तोंडावर भरती-ओहोटीत अडकण्याची वेळ येईल.

तिन्ही मार्गांत सर्वाधिक बचत चार्ज करण्याची वेळ निवडण्यात आहे. लॅपटॉपची स्वतःची बॅटरी ५० ते ७० वॅट-तासांची असते. ती दुपारी सौर पॅनेल भरात असताना किंवा इंजिन चालू असताना भरली तर नौकेच्या बॅटरीला झळ जवळजवळ लागत नाही, आणि संध्याकाळी दोन-तीन तास फुकट मिळतात. कोकणात हिवाळ्यातल्या स्वच्छ दिवशी १०० वॅटचे पॅनेल साधारण २५ ते ३० अँपिअर-तास देते. त्यात आठ तासांचा लॅपटॉप बसतो. त्याशिवाय फ्रीज चालवायचा असेल तर दुसरे पॅनेल लागेल.

इन्व्हर्टरला मी पूर्णपणे बाद करणार नाही. १८० वॅटपेक्षा मोठा अडॅप्टर लागणारा, ग्राफिक्सच्या कामाचा लॅपटॉप, कॅमेऱ्याचे चार्जर, ड्रिल किंवा सोल्डरिंग आयर्न यांसाठी तो हवाच. तो नौकेवर आधीच असेल तर महिनाभर त्यावरच काम करावे, फक्त त्याचा स्विच हाताशी आणावा आणि विजेचा खर्च शंट (प्रवाह मोजणारी पट्टी) असलेल्या बॅटरी मॉनिटरवर बघावा. पीडी चार्जरसाठी पैसे घालायचे की नाही हे त्या आकड्यांवरून ठरेल.

पावसाळ्यात नौका शाकारून किनाऱ्यावर ठेवताना चार्जर, इन्व्हर्टर आणि मॉनिटर या सगळ्यांचे फ्यूज काढून ठेवावेत. चार्जरचा निळा दिवासुद्धा काही मिलिअँपिअर खातो, आणि महिनोन्महिने उतरलेल्या अवस्थेत पडलेली लेड-ॲसिड बॅटरी नारळी पौर्णिमेनंतर कितीही चार्ज केली तरी पूर्वीसारखी होत नाही.