थिंकपॅडवर कोअरबूट टाकून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

वापरलेल्या लॅपटॉपच्या बाजारात सध्या एक नवा धंदा दिसतो. लेनोवो कंपनीचा जुना थिंकपॅड लॅपटॉप घ्यायचा, त्यावर कोअरबूट टाकलंय असं सांगायचं आणि चढ्या भावाने विकायचा. प्रामाणिकपणे हे काम करणारे आहेत, पण मला भेटला तो तसा नव्हता. त्याचं नाव इथे देत नाही. त्याने वापरलेली पद्धत मात्र सविस्तर सांगतो, कारण ती कोणावरही चालू शकते.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. लॅपटॉप सुरू होताना सगळ्यात आधी चालतो तो बायोस, आणि तो मदरबोर्डवरच्या आठ पायांच्या छोट्या चिपमध्ये असतो. कोअरबूट हा त्याला मुक्तस्रोत पर्याय. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत तो लिनक्सबायोस नावाने सुरू झाला, २००८ मध्ये नाव बदललं. २०१२ चा थिंकपॅड एक्स२३० या कामासाठी अनेकांचा आवडता आहे. त्यात अशा दोन चिप असतात, एक ८ एमबीची आणि एक ४ एमबीची. कंपनीचा बायोस स्वतःवर दुसरं काही सहजासहजी लिहू देत नाही, म्हणून पहिल्या वेळी सहसा लॅपटॉप उघडून, चिपला क्लिप लावून, बाहेरच्या प्रोग्रॅमरनेच, म्हणजे चिपवर लिहिणाऱ्या छोट्या उपकरणाने, लिहावं लागतं. ज्याला हे जमत नाही किंवा करायचं धाडस होत नाही तो तयार मशीनसाठी जास्त पैसे मोजतो. ठकवणाऱ्याचं फावतं ते इथेच.

जाहिरातीत लिहिलं होतं, ‘एक्स२३०, कोअरबूट, इंटेल एमई शंभर टक्के काढलेला, कुठलंही वायफाय कार्ड चालेल.’ एमई म्हणजे मॅनेजमेंट इंजिन, मुख्य प्रोसेसरपासून वेगळी चालणारी इंटेलची यंत्रणा. तिचं सॉफ्टवेअर बायोसच्याच चिपमध्ये असतं आणि अनेकांना ते नको असतं. जाहिरातीसोबत व्हिडिओ होता. बटण दाबलं की पडद्यावर कोअरबूटच्या लोगोतला ससा उमटतो आणि लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होते. साध्या एक्स२३० पेक्षा साडेचार हजार रुपये जास्त, तेही यूपीआयने आगाऊ. मशीन कुरिअरने पुण्याला आलं. ससा दिसला, लिनक्स चाललं, सगळं व्हिडिओसारखंच.

बिंग फुटलं ते वायफाय कार्डामुळे. मी अथेरॉस कंपनीचं कार्ड बसवलं आणि मशीन सुरू केलं, तर काळ्या पडद्यावर १८०२ क्रमांकाचा एरर: अनधिकृत नेटवर्क कार्ड लावलंय, मशीन बंद करून ते काढा. चालणाऱ्या कार्डांची यादी ठेवून बाकीची नाकारणं हे काम कंपनीच्या बायोसचं. कोअरबूटमध्ये अशी यादीच नसते. कार्ड काढून एफ-वन दाबलं, तर कंपनीचा नेहमीचा सेटअप समोर. लिनक्समध्ये डीएमआयडीकोड ही मशीनची माहिती दाखवणारी कमांड चालवली, बायोस बनवणाऱ्याच्या जागी ‘लेनोवो’. म्हणजे कोअरबूटचा पत्ताच नव्हता. ससा आला कुठून? थिंकपॅडचा अधिकृत बायोस अपडेट करताना सुरुवातीच्या पडद्यावर आपलं चित्र घालायची सोय कंपनीनेच दिलेली आहे. त्या सोयीचे माझ्याकडून साडेचार हजार घेतले गेले.

विचारल्यावर मिळालेली उत्तरं ऐकून ठेवा, तुम्हालाही हीच मिळतील. आधी म्हणाला, ‘तो एरर हार्डवेअरमधून येतो.’ मग म्हणाला, ‘बॅटरी काढली की मूळ बायोस परत येतो.’ हे धादांत खोटं आहे. चिपमध्ये लिहिलेलं वीज गेली म्हणून पुसलं जात नाही, आणि दुसरीकडून आपोआप येतही नाही. शेवटी सगळं माझ्यावरच ढकललं, ‘तुम्हीच कंपनीचा बायोस परत टाकलात आणि आता पैसे मागताय.’

या आरोपाचा मला सगळ्यात जास्त संताप आला, आणि त्याचं उत्तर लॅपटॉपच्या आतच होतं. मोबाइलवर सलग चित्रीकरण करत मी खालचे स्क्रू, कीबोर्ड आणि तळहात टेकायची पट्टी काढली. चिपवर कंपनीने चिकटवलेली काळी फिल्म असते, ती उचलल्याशिवाय क्लिप बसत नाही. ती फिल्म कडेपर्यंत जशीच्या तशी चिकटलेली होती, कडेला वर्षांची धूळ साचून घट्ट झाली होती. तिथे ना त्याचा हात पोचला होता, ना माझा. व्हिडिओ पाठवला आणि त्याने मला ब्लॉक केलं.

‘एमई शंभर टक्के काढला’ हा दावाही खोटेपणाची खूण आहे. या मॉडेलमध्ये एमईचा भाग ५ एमबीचा असतो. एमई-क्लीनर नावाच्या साधनाने तो शंभर केबीच्या आत आणता येतो, पण पूर्ण काढला तर मशीन अर्ध्या तासाने आपोआप बंद पडतं. ज्याने हे काम खरंच केलंय तो असा दावा करणार नाही.

पैसे देण्याआधी व्हिडिओ कॉलवर डीएमआयडीकोड चालवून घ्या, बायोस बनवणारा म्हणून ‘कोअरबूट’ दिसायला हवं. सीबीमेम नावाच्या साधनाने कोअरबूटची स्वतःची नोंद वाचता येते, तीही दाखवायला सांगा. पण माझा सगळ्यात जास्त भर आहे तो मूळ बॅकअपवर. काम जाणणारा माणूस लिहिण्याआधी दोन्ही चिप वाचून घेतोच, कारण तुमच्या मशीनचा मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा ओळख क्रमांकसुद्धा तिथेच असतो. हा १२ एमबीचा बॅकअप विक्रेत्याने मशीनसोबत द्यायला हवा. ‘डिलीट झाला’ म्हणाला तर व्यवहार तिथेच थांबवा.

पुढे मी स्वतःच कोअरबूट टाकलं, तेव्हा दुसरा सापळा दिसला. सीएच३४१ए चिपचा स्वस्त काळा प्रोग्रॅमर ‘३.३ व्होल्ट’ म्हणून विकतात. पुरवठ्याची पिन ३.३ देते हे खरं, पण मल्टिमीटर लावला तर डेटाच्या पिनांवर ५ व्होल्ट निघाले. लॅपटॉपमधली चिप ३.३ ची आहे, ५ व्होल्टने ती जाऊ शकते, शिवाय तिला जोडलेल्या भागांनाही धोका असतो. तो प्रोग्रॅमर बाजूला ठेवला आणि मित्राच्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवरून काम केलं, त्याच्या पिना ३.३ च्याच असतात. बॅटरी आणि चार्जर काढून, फ्लॅशरॉम या चिप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरने प्रत्येक चिप दोनदा वाचली, दोन्ही फाइल्सचे चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळले, मगच लिहिलं. चेकसम जुळत नसतील तर क्लिप नीट बसलेली नसते, ती पुन्हा बसवावी लागते.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. यूपीआयची पावती, चॅट आणि मशीन उघडतानाचा व्हिडिओ जोडलाय. जाहिरातीचा स्क्रीनशॉट मी पैसे देण्याआधीच काढून ठेवला होता, तुम्हीही काढून ठेवा. तक्रार गेल्यावर त्याने जाहिरातीतला मजकूर बदलला, आता तिथे ‘कोअरबूट लोगोसह’ असं लिहिलंय. किंमत तीच आहे.