नवा म्हणून घेतलेल्या मस्काऱ्याची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपलेली होती

लाज वाटते लिहायला, पण लिहिते. निदान तुमचे डोळे तरी वाचतील.

'जास्तीचा स्टॉक, सीलबंद, ओरिजिनल, 65 टक्के सूट'. असली जाहिरात तुम्हीही पाहिली असेल आणि पुढे काय होतं तेही ठाऊक असेल, तेव्हा पाल्हाळ लावत नाही. मी ऑनलाइन 9 वस्तू घेतल्या: 2 मस्कारा, 1 लिक्विड आयलायनर, 1 फाउंडेशन, 4 लिपस्टिक, 1 कॉम्पॅक्ट. पैसे आगाऊ भरले, बरोब्बर चार दिवसांचा पगार. परत मिळाले शून्य.

आणि मी काही अडाणी नाही हो. घरात मेकअपच्या तारखा सांभाळणारी मीच. मस्कारा उघडला की त्यावर त्या दिवसाची तारीख चिकटवते आणि तीन महिने झाले की अर्धा उरला असला तरी फेकते. ताईची पाच वर्षं जुनी आयशॅडो मी तिच्यादेखत कचऱ्यात टाकली आहे. डबीवर उघड्या बरणीचं चित्र असतं, त्यात '6 एम' किंवा '12 एम' लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यापासून इतके महिने, हे मी कितीजणींना शिकवलंय. पण ते महिने उघडल्यापासूनचे! त्याआधी ती वस्तू कुठल्या गोदामात किती उन्हाळे काढून आली, हे त्या बरणीवर नसतं. मी नेमकी तिथेच बुडाले.

आता तो क्षण. अजून झोपताना आठवतो. नवा मस्कारा पहिल्यांदा उघडताना दांडी जराशी अडते, 'फट्' असा बारीक आवाज होतो आणि ब्रश ओला, लकाकता बाहेर येतो. हा आला खर्रकन. ब्रशवर कोरडे कण, आणि वास मेणाच्या खडूंचा, त्यात रॉकेलची झाक. हाच मस्कारा माझ्या जुन्या पाऊचमधून निघाला असता तर तिथल्या तिथे फेकला असता. पण हा 'नवा' ना! मग मीच त्याची वकिली सुरू केली. फॉर्म्युला बदलला असेल. वॉटरप्रूफचा वास असाच असतो. प्रवासात वाळला असेल. ब्रश पंपासारखा आतबाहेर करून त्याला 'मोकळा' केला. दुसरी कुणी असं करताना दिसली तर मी तिचा हात धरते, कारण त्याने नुसती हवा आणि जंतू आत जातात. स्वतःचा हात कोण धरणार? 17 दिवस लावला.

एक्स्पायरी बघायची नाही का, असं म्हणू नका. बघितली होती. पुढच्या वर्षाची होती. फक्त ती स्टिकरवर होती. नुसतं बोट फिरवलं असतं तरी कडा हाताला लागली असती.

अठराव्या दिवशी उजव्या पापणीवर रांजणवाडी. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, "डोळ्याला काय लावता, आणि ते किती जुनं आहे?" मी ठणकावून सांगितलं, नवीन आहे. घरी येऊन नखाने स्टिकरचा कोपरा उचलला. खाली छापलेली खरी तारीख, दोन वर्षांपूर्वी उलटलेली. फाउंडेशनच्या तळाला तर बॅच नंबरच्या (एका खेपेत बनलेल्या मालावर छापतात तो नंबर) जागी नुसता तुळतुळीत चट्टा. नंबर असा पुसता येतो का म्हणून घरच्या एका रिकाम्या बाटलीवर नेलपॉलिश रिमूव्हर घासून पाहिलं, दोन हातात छपाई गायब! आणि फाउंडेशनच्या आत वर तेल, खाली गाळ. (रांजणवाडी मस्काऱ्यानेच झाली असं डॉक्टर छातीठोकपणे म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत.)

खोक्यावरचा आणि आतल्या वस्तूवरचा बॅच नंबर जुळतो का ते पैसे देण्याआधी विचारा, फोटो मागा. टाळाटाळ केली की समजा. ट्यूबच्या चपट्या टोकाला नंबर दाबून उमटवलेला असेल तर तो पुसणं अवघड, तिथे आधी बघा.

मग तक्रारींचं पुराण. विक्रेता म्हणतो, वस्तू उघडली आहे, परत घेणार नाही. अरे बाबा, न उघडता आतलं सडलंय हे कळणार कसं? जिथून खरेदी केली त्या वेबसाइटला 4 ईमेल केले, चारही वेळा एकच उत्तर, 'कृपया विक्रेत्याशी संपर्क साधा'. ग्राहक तक्रारींच्या कार्यालयात 23 मिनिटं फोन धरून बसले, तर बाई म्हणाल्या ऑनलाइन फॉर्म भरा. फॉर्ममध्ये फसवणुकीचे प्रकार तीनच: वस्तू आली नाही, चुकीची आली, फुटलेली आली. मुदत संपलेली आली, हा पर्यायच नाही! 'इतर' निवडून सगळं लिहिलं. 11 दिवसांनी त्या कार्यालयातल्या साहेबांचा फोन. "पण मॅडम, तो स्टिकर तुम्हीच चिकटवला नाही कशावरून?" पापणी सुजवून घ्यायची हौस आहे ना मला. त्यांना पार्सल उघडतानाचा व्हिडिओ हवा होता. तेव्हा काढा व्हिडिओ, पहिली पट्टी कापण्यापासून.

एक राहिलं. डोळे आले असतील तर त्या दिवसांत लावलेला मस्कारा, आयलायनर बरं झाल्यावर परत लावू नका, कितीही महागाचा असो. वाळला म्हणून पाणी तर अजिबात घालू नका. आणि स्वतःच्या रिकाम्या डब्या फेकताना लेबल खरवडा, खोका फाडा. चांगल्या अवस्थेतली बाटली पुन्हा भरून विकणारेही आहेत.

माझी तक्रार अजून 'प्रलंबित' आहे. साहेबांनी बजावलंय की निकाल लागेपर्यंत सगळा माल पुरावा म्हणून जपून ठेवायचा, काहीही टाकायचं नाही. त्यामुळे त्या नऊच्या नऊ वस्तू माझ्या कपाटात, वर तारीख लिहिलेल्या पिशवीत, अजून तशाच पडून आहेत.