रोजचे बायबलवाचन: वर्षभराची योजना, मननपुस्तिका, की एकच पुस्तक सावकाश?

रोज बायबल वाचायचे असे मनाशी पक्के ठरले की लगेच पुढचा प्रश्न येतो: कसे वाचायचे? मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, चौघांना विचारा, चार उत्तरे मिळतील. एक जण म्हणेल, उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत वर्षभरात पूर्ण करा. दुसरा मननाची पुस्तिका हातात ठेवेल. तिसरा सांगेल, एकच पत्र घ्या आणि महिनाभर त्यातच राहा. चौथ्याच्या मते तीन-चार वचनांपुढे शांत बसले तरी पुरे. चौघेही मनापासून बोलतात, आणि चारही मार्गांनी चाललेल्या माणसांच्या जीवनात फळ दिसते. पण हे मार्ग सारखे नाहीत. प्रत्येकात काही हाती लागते आणि काही निसटते. काय निसटते हे आधीच ठाऊक असले तर निवड सोपी होते.

पारख करायची तर एकच उतारा चारही पद्धतींनी वाचून पाहावा. इथे मी प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय घेतो, कारण त्यातले तेरावे वचन असंख्य विश्वासणाऱ्यांना पाठ असते: जो मला सामर्थ्य देतो त्याच्यामुळे मी सर्व काही करू शकतो.

वर्षभरात संपूर्ण बायबल

प्रॉटेस्टंट बायबलात ६६ पुस्तके आणि १,१८९ अध्याय आहेत. म्हणजे रोज तीन-सव्वातीन अध्याय. न अडखळता वाचणाऱ्याला त्यासाठी पंधरा-वीस मिनिटे पुरतात, त्यामुळे वेळ ही मोठी अडचण नाही. अडचण येते ती ओळीने वाचताना. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४० अध्याय साधारण चार आठवड्यांत संपतात आणि वाचक लेवीय या पुढच्या पुस्तकात शिरतो. होमार्पण, अन्नार्पण, त्वचारोगाचे नियम. कितीतरी जणांचा उत्साह इथेच मावळतो, आणि त्यात त्यांचा विश्वास कमी पडला असे मानण्याचे काहीच कारण नाही.

यावर जुना आणि चांगला उपाय आहे. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातला तरुण पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन याने १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी वाचनाची योजना तयार केली. रोज चार अध्याय, पण चार वेगवेगळ्या ठिकाणांहून. पहिल्या दिवशी उत्पत्ती, एज्रा, मत्तय आणि प्रेषितांची कृत्ये या चारही पुस्तकांचा पहिला अध्याय. वर्षाअखेर जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रे दोनदा वाचून होतात. लेवीय चालू असतानाही शेजारी दुसरे काही वाचायला असते. या योजनेचे धोकेही मॅकशेनने स्वतःच लिहून ठेवले: वाचन नुसता उपचार होणे, स्वतःच्या धार्मिकतेचे समाधान वाटू लागणे, निष्काळजीपणे वाचणे, आणि ज्यांना ते झेपत नाही त्यांच्यासाठी ते जोखड होणे. योजना देणाऱ्यानेच इतके स्पष्ट बोलावे, याचे मला फार मोल वाटते.

या पद्धतीने फिलिप्पै ४ वाचला तर तीन-चार मिनिटांत संपेल आणि तेरावे वचन भरकन निघून जाईल. पण एक गोष्ट फक्त याच वाचकाकडे असेल. त्याने प्रेषितांची कृत्ये १६ वाचलेला असेल. फिलिप्पैची मंडळी कशी उभी राहिली हे त्याला माहीत असेल: नदीकाठी भेटलेली लुदिया, फटके खाऊन तुरुंगात मध्यरात्री स्तोत्रे गाणारे पौल आणि सीला, आणि त्याच रात्री कुटुंबासह बाप्तिस्मा घेणारा तुरुंगाधिकारी. त्याच मंडळीला पौल पुढे पुन्हा बंदिवासातून लिहितो, “प्रभूमध्ये आनंद करा.” त्या शब्दांचे वजन ज्याने कृत्ये वाचले त्यालाच पूर्ण कळते. अरण्यात सैतानाला येशूने दिलेली तिन्ही उत्तरे जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातली आहेत, हेही असेच. पवित्र शास्त्र आतून कसे विणलेले आहे ते संपूर्ण वाचल्याशिवाय दिसत नाही. त्यामुळे आयुष्यात एकदा तरी ही वाट चालावीच. मात्र सुरुवात इथून करावी असे मला वाटत नाही.

मननपुस्तिका

एक वचन, त्यावर पानभर विचार, शेवटी छोटी प्रार्थना. पाच मिनिटे. ही परंपराही लहान नाही. जर्मनीतल्या हेर्नहूट इथल्या मोरावियन या ख्रिस्ती समाजात काउंट झिंझेनडॉर्फने १७२८ मध्ये दिवसाला एक बोधवचन देण्याची प्रथा सुरू केली, १७३१ पासून ती वचने छापली जाऊ लागली आणि आजही वर्षागणिक निघतात.

पुस्तिकेचे बळ तिच्या थोडकेपणात आहे. तान्हे मूल घरात असलेली आई, रात्रपाळी करणारा कामगार, रुग्णालयात नातेवाइकाच्या उशाशी बसलेला माणूस यांना चार अध्यायांची योजना देणे म्हणजे ओझ्यावर ओझे. त्यांच्यासाठी एक वचन म्हणजे दिवसभराची शिदोरी असते.

पण संदर्भातून सुटलेले वचन सहज वाकवता येते. फिलिप्पै ४:१३ पुस्तिकेत एकटे आले की त्यावर बहुधा यशाची गोष्ट येते: परीक्षा, नोकरी, स्पर्धा. बायबल उघडून दोन ओळी वर गेले तर पौल वेगळेच सांगतो आहे. तो म्हणतो, भरल्या पोटी राहायला आणि उपाशी राहायला, संपन्नतेत आणि गरजेत राहायला मी शिकलो आहे. त्याच्या “सर्व काही”मध्ये उपासमारही आहे. यिर्मया २९:११ चेही तेच. भविष्याची आशा देणारे ते वचन बाबेलमधल्या बंदिवानांना लिहिलेल्या पत्रातले आहे, आणि त्याच्या आधीच्याच वचनात सत्तर वर्षांचा उल्लेख आहे. ते पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकी कितीतरी जण परतीचा दिवस पाहणार नव्हते. अभिवचन खरेच आहे, पण ते उद्या सकाळी सगळे सुरळीत होण्याचे नाही. वचन संदर्भाबाहेर काढून वापरता येते हे सैतानालाही ठाऊक होते. मंदिराच्या टोकावर त्याने येशूपुढे ९१ वे स्तोत्रच ठेवले होते.

म्हणून पुस्तिका वापरायची असेल तर क्रम बदला. आधी बायबल उघडून त्या वचनाच्या अलीकडची-पलीकडची दहा वचने वाचा, मग लेखकाचे पान. पाचाऐवजी आठ मिनिटे लागतील. एवढ्यानेच पुस्तिकेचा बहुतेक धोका टळतो.

एकच पुस्तक, सावकाश

नव्याने सुरू करणाऱ्याला आणि अनेकदा सुरू करून थांबलेल्यालाही मी आधी हाच मार्ग सुचवेन. एक छोटे पुस्तक घ्यायचे, ते संपेपर्यंत दुसरे उघडायचे नाही, आणि प्रत्येक उताऱ्याला तीन प्रश्न विचारायचे. इथे काय लिहिले आहे? मूळ वाचकांसाठी त्याचा अर्थ काय होता? आणि मी आता काय करायचे? क्रम सोडायचा नाही. आपली घाई नेहमी तिसऱ्या प्रश्नाकडे असते आणि बरेचसे चुकीचे अर्थ तिथूनच निघतात.

फिलिप्पैकरांस पत्र हातात घ्या. पहिल्या दिवशी सगळे एका बैठकीत वाचा, शक्य असल्यास मोठ्याने. चार अध्याय, १०४ वचने, पंधरा मिनिटे. मंडळीने ते असेच ऐकले होते. अध्यायांची विभागणी तेराव्या शतकात स्टीफन लँग्टनच्या काळात रूढ झाली आणि नव्या करारातले आजचे वचनांचे आकडे रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये घातले. पौलाने लिहिले ते सलग पत्र होते. दुसऱ्या दिवसापासून एकेक परिच्छेद. पेन्सिल हातात असावी. पुन्हापुन्हा येणारी गोष्ट अधोरेखित करा, “म्हणून” आणि “कारण” यांच्यापाशी थांबा, माणसांची नावे वेगळी लिहून काढा.

दोन आठवड्यांत पत्रातली माणसे दिसू लागतात. पहिल्या अध्यायात पौलाच्या बेड्या आहेत. दुसऱ्यात एपफ्रदीत आहे, जो मंडळीच्या वतीने पौलाच्या मदतीला आला आणि मरणाच्या दारी जाऊन परतला. चौथ्याच्या सुरुवातीला मंडळीतल्या दोन स्त्रिया आहेत. सुवार्तेसाठी दोघींनीही कष्ट केले, पण त्यांचे एकमेकींशी जमत नाही, आणि पौल दोघींना नावाने हाक मारून एकमत व्हायला विनवतो. मग दहाव्या वचनापासून कळते की फिलिप्पैकरांनी एपफ्रदीताच्या हाती देणगी पाठवली होती आणि पौल त्याबद्दल लिहितो आहे. म्हणजे ते प्रसिद्ध तेरावे वचन एका आभाराच्या मजकुरात आहे!

आता चौदावे वाचा. मी सर्व काही करू शकतो असे म्हणणारा पौल पुढच्याच वाक्यात म्हणतो की तरीही माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे चांगले केले. ख्रिस्ताचे सामर्थ्य मिळालेला माणूस “मला कोणाची गरज नाही” असे म्हणत नाही. तो बंधुभगिनींची मदत घेतो आणि मोकळेपणाने आभार मानतो. एकट्या तेराव्या वचनातून हे कधीच हाती लागले नसते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तरही आता नेमके होते: सध्या कोण संकटात आहे, मी कशात वाटेकरी होऊ शकतो, आणि मला मिळालेली मदत मी अभिमानापोटी नाकारतो आहे का? याकोब सांगतो तसे वचन नुसते ऐकायचे नसते, त्याप्रमाणे वागायचे असते. आत्मिक वाढ होते ती इथे.

या मार्गाचाही तोटा आहे. वही भरत जाते आणि मन कोरडे राहू शकते. ज्ञान फुगवते, असा इशारा पौलाने करिंथकरांना दिलाच आहे. शिवाय एकट्याने अर्थ लावताना वाट चुकू शकते. कृत्ये ८ मधला कूशी अधिकारी रथात यशया वाचत होता आणि त्याने सरळ कबूल केले की कोणी दाखवल्याशिवाय मला कसे समजणार. अवघड जागी पाळकांना किंवा जाणत्या विश्वासणाऱ्याला विचारण्यात कमीपणा नाही. चांगला भाष्यग्रंथही घ्यावा, पण स्वतःची टिपणे काढून झाल्यावर.

वचनापुढे शांत बसणे

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठाच्या नियमात वाचनासाठी रोजचे तास राखून ठेवले. बाराव्या शतकात कार्थुसियन पंथातल्या गिगो (दुसरा) या साधूने या वाचनाच्या चार पायऱ्या मांडल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि देवाच्या सान्निध्यात स्तब्ध राहणे. फिलिप्पै ४:११–१३ असे वाचताना कदाचित “मी शिकलो आहे” इथेच मन अडेल. पौलालाही समाधान शिकावे लागले. मग प्रार्थना आपोआप सुरू होते: प्रभू, मलाही शिकव.

ब्रिस्टलमध्ये अनाथाश्रम चालवणारे जॉर्ज म्यूलर आधी उठल्याबरोबर प्रार्थनेला बसत, तेव्हा त्यांचे मन बराच वेळ भटकत राही. १८४१ मध्ये ते लिहितात की आता आधी वचनावर मनन आणि त्यातूनच प्रार्थना, असा क्रम त्यांनी धरला आहे. प्रार्थनेत मन लागत नाही अशी तक्रार असणाऱ्याने हे जरूर करून पाहावे. फक्त नवख्याने एवढ्यावरच विसंबू नये. उताऱ्याचा अर्थ माहीत नसेल तर स्वतःच्या मनातले बोलच देवाचे वाटू लागतात. आधी अभ्यासलेल्या उताऱ्यावर मनन केले तर ही भीती राहत नाही.

मग निवड कशी करायची?

बायबल कधीच सलग वाचले नसेल तर मार्ककृत शुभवर्तमान घ्या, १६ अध्याय, सावकाश. त्यानंतर फिलिप्पै. मग संपूर्ण नवा करार. त्याचे २६० अध्याय आहेत, आठवड्यातून पाच दिवस रोज एक याप्रमाणे बरोबर ५२ आठवडे होतात आणि दर आठवड्याला दोन दिवस मागे राहिलेले भरून काढायला मिळतात. नवशिक्यासाठी याहून बरी वर्षभराची योजना मला माहीत नाही.

अनेक वर्षे विश्वासात आहात, पण हबक्कूक किंवा पहिला इतिहास ही जुन्या करारातली पुस्तके कधी उघडली नाहीत? तुमच्यासाठी संपूर्ण बायबलची योजना. वर्ष कमी वाटले तर दोन वर्षे घ्या.

उपदेश करणारे आणि संडे स्कूल शिकवणारे सतत दुसऱ्यांसाठी वाचत असतात. त्यांनी रोजची काही मिनिटे धड्याशी संबंध नसलेल्या उताऱ्यापुढे शांत बसावे. दुःखात असलेल्याने योजना बाजूला ठेवून स्तोत्रांकडे वळावे. तेरावे स्तोत्र “किती काळ?” असे विचारत सुरू होते, आणि ८८ वे तर अंधारातच संपते. असे रडणेही देवाने आपल्या वचनात सामावून घेतले आहे.

सकाळ की रात्र, छापील प्रत की मोबाईल, यावर फार वेळ घालवू नये. जागे आणि निवांत असाल ती वेळ चांगली. मोबाईलवर वाचायचे तर सूचना बंद ठेवा. एकटे की गटात, हा प्रश्न मात्र महत्त्वाचा आहे. रोजचे वाचन एकट्याने आणि आठवड्यातून एकदा कोणाबरोबर तरी त्यावर बोलणे, असे दोन्ही असावे. कृत्ये १७ मधले बिरुया गावचे लोक पौलाचे बोलणे शास्त्राशी रोज ताडून पाहत होते, तेही मिळून.

खाडा पडला तर मागचे अध्याय एका दमात उरकू नका. आजच्या तारखेचे वाचा आणि पुढे चला. पद्धत बदलावीशी वाटली तर हातातले पुस्तक संपल्यावर बदला, मध्येच नको. कंटाळा बहुतेकदा अर्ध्यावर येतो, आणि फिलिप्पैकरांस पत्रात चौदावे वचन तेराव्यानंतर येते.