लॅमिंग्टन रोडवरचा ‘कंपनी पीस’

लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तातला वायरलेस कीबोर्ड-माऊसचा सेट घ्यायचा विचार असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. लॅपटॉप किंवा ग्राफिक्स कार्ड घेताना आपण चार दुकानं फिरतो, घासाघीस करतो, बिल उलटसुलट करून बघतो. हजाराच्या आतल्या वस्तूसाठी एवढी उस्तवार कुणी करत नाही. नकली मालाचा धंदा नेमका त्यावरच चालतो. सातशे रुपयांच्या कीबोर्डासाठी अर्धा दिवस मोडून कांदिवलीहून ग्रँट रोडला कोण परत येतंय, हा हिशेब गल्ल्यावर बसलेल्या माणसाने आपण दुकानात शिरायच्या आधीच मांडलेला असतो.

आता हेही सांगून टाकतो की रस्त्यावर माझा राग नाही. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आणि तोंडी लॅमिंग्टन रोड असलेल्या त्या पट्ट्यातून मी वर्षानुवर्षं रॅम, हार्ड डिस्क, राउटर असं कायकाय आणलंय. मागायच्या आधी पक्कं बिल फाडणारे, ‘हा पीस घेऊ नका, परत येतोय’ असं स्वतःहून सांगणारे दुकानदार तिथे आहेत. मला नकली कीबोर्ड विकणारं दुकान त्यातलं नव्हतं. नाव लिहीत नाही, कारण पाटी बदलून तोच माल विकणारे तिथे आणखी असतील आणि मला ओळख द्यायची आहे ती पद्धतीची.

आमच्या घरी दोन लॅपटॉप. बायको काही सोसायट्यांचे हिशेब घरून लिहिते, तिला उजवीकडचं आकड्यांचं पॅड लागतंच. मी मराठी मजकूर टाइप करून देतो, इनस्क्रिप्ट या देवनागरी कळांच्या मांडणीवर. दोघांनाही लॅपटॉपच्या चिणलेल्या कळांचा कंटाळा आला होता. म्हणून एका नावाजलेल्या कंपनीचे दोन सेट बघितले. खोकं सीलबंद, वर चकचकीत प्लास्टिक, छापील किंमत १,४९५. दुकानदार म्हणाला एक ७५०ला, दोन घेतलेत तर १,४००. एवढं स्वस्त कसं, असं विचारलं तर म्हणाला, “कंपनी पीस है साहब, स्कीम का माल है.” एक खोकं फोडून त्याने रिसीव्हर, म्हणजे कीबोर्डाचे सिग्नल पकडणारा यूएसबीचा छोटा तुकडा, स्वतःच्या कॉम्प्युटरला लावला, चार अक्षरं उमटवून दाखवली, माऊस फिरवला. दुसरं खोकंही माझ्या आग्रहावरून उघडलं. दोन्ही चालले.

मी पक्कं बिल मागितलं. “जीएसटी उपर से लगेगा, अठरा टक्का.” ठीक आहे म्हटलं. १,४०० वर २५२, म्हणजे १,६५२ झाले. क्यूआर कोड स्कॅन केला तर दुकानाचं नाव न येता कुणा व्यक्तीचं नाव आलं. “भाई का अकाउंट है.” हातात आली ती ‘एस्टिमेट’ छापलेल्या पॅडावरची चिठ्ठी. तिच्यावर ना दुकानाचं नाव, ना जीएसटी नंबर, ना सिरियल नंबर. पक्कं बिल संध्याकाळी अकाउंटंट बसला की व्हॉट्सॲपवर येणार होतं. मी तिथेच उभं राहून त्याच्या नंबरवर ‘दोन सेटचे १,६५२ दिले, बिल पाठवा’ असा मेसेज टाकला, चिठ्ठीचा फोटोही जोडला. त्याचं उत्तर आलं : बिल कल भेजता हूँ. हा मेसेज लक्षात ठेवा, पुढे कामाला आला.

घरी आल्यावर पहिली खोड निघाली ती ॉ ची. इनस्क्रिप्टमध्ये ॉ येतो तो उलट्या तिरक्या रेघेच्या कळीवर, एंटरच्या वर. ती कळ चारदा दाबावी तेव्हा एकदा उमटायची. डॉक्टरचा डाक्टर, कॉलनीची कालनी. इंग्रजीत टाइप करणाऱ्याला ही कळ महिनोन्‌महिने लागत नाही, त्यामुळे दुकानातल्या चार अक्षरांच्या डेमोत ती सापडणारच नाही. मग इतर अक्षरंही गळायला लागली.

अशा वेळी लगेच नकली-नकली म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. वायरलेस सेटला त्रास व्हायची सरळ कारणंही असतात. हे सेट २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात, आणि लॅपटॉपचं यूएसबी ३.० पोर्ट, बहुतेकदा आतून निळं असतं ते, चालू असताना त्याच पट्ट्यात गोंगाट करतं. त्यातून शेजारी हार्ड डिस्क जोडलेली असेल तर बघायलाच नको. रिसीव्हर दुसऱ्या, यूएसबी २.० च्या पोर्टात लावला किंवा छोट्या एक्स्टेन्शन वायरने थोडा लांब नेला, की खरा माल बहुधा सुधारतो. सेल उतरलेले असले तरीही अक्षरं गळतात. मी पोर्ट बदललं, चांगले अल्कलाइन सेल घातले, वायरही लावून बघितली. खोक्यावर दहा मीटरचा पल्ला छापलेला, आणि इथे टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अक्षर पोचेना.

खरी गंमत झाली ती एका रात्री, दोघं एकाच टेबलावर कामाला बसलो तेव्हा. मी एका ट्रस्टचा अहवाल टाइप करत होतो आणि वाक्याच्या मधोमध ४५०० उमटले. खोडले. मग ३२५०. बायकोला विचारलं, आत्ता काय भरलंस? ती म्हणाली, “तीनशे दोनच्या ब्लॉकचा मेंटेनन्स.” तिच्या कीबोर्डावरचे आकडे माझ्या अहवालात येत होते! खात्री करायला तिचा रिसीव्हर काढून टाकला, तरी तिने दाबलेली कळ माझ्या पडद्यावर. म्हणजे दोन्ही सेटचा रेडिओवरचा पत्ता एकच. धड बनवलेल्या सेटमध्ये कीबोर्ड आणि रिसीव्हरची जोडी कारखान्यातच बांधलेली असते, शेजारच्या कीबोर्डाचं तो ऐकत नाही.

तेव्हा दोन्ही कीबोर्ड पालथे घालून शेजारी शेजारी ठेवले. पोटावरच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या आकड्यापर्यंत, अगदी तोच. खोक्यांवरही तोच. एकाच माणसाच्या आधार कार्डाच्या झेरॉक्सा दोघांच्या गळ्यात बांधाव्यात, तसा प्रकार. कंपनीच्या साइटवर तो नंबर घातला तर वॉरंटी दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर कधीचीच नोंदलेली, आणि संपलेलीसुद्धा. अस्सल वस्तूवरचा एक नंबर उचलून कुणीतरी छापखान्यात त्याची चळत काढली होती.

मग मी हट्टाला पेटलो. भारतात वायरलेस कीबोर्ड २०१२ च्या आदेशापासून भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीच्या यादीत आहेत. मालावर ‘आर’ हे अक्षर आणि पुढे आठ आकडी नंबर असतो. ‘बीआयएस केअर’ नावाचं फुकट ॲप आहे, त्यात हा नंबर टाकला की कुठल्या कारखान्याला, कुठल्या वस्तूसाठी नोंदणी दिली ते दिसतं. माझ्या कीबोर्डावरच्या नंबरवर निघाला मोबाइलचा चार्जर. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्डवेअर आयडी बघितला, तर त्यातला कंपनीचा संकेतांकही खोक्यावरच्या नावाशी जुळेना. लॉजिटेकचा ०४६डी, एचपीचा ०३एफ०, डेलचा ४१३सी, असे हे संकेतांक ठरलेले असतात. पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका, कारण स्वस्त माल कंपन्या दुसऱ्याकडून बनवून घेतात आणि तेव्हा अस्सल मालातही बनवणाऱ्याचा संकेतांक दिसू शकतो.

कळा गळतात एवढ्यावर हे थांबत असतं तर मी एवढं लिहिलंही नसतं. बायकोचे आकडे माझ्याकडे येत होते याचा अर्थ ते तसेच उघडे हवेत जात होते. २०१६ साली बॅस्टिल या अमेरिकी सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं होतं की कित्येक स्वस्त वायरलेस कीबोर्ड दाबलेली कळ कुठलीही कुलूपबंदी न करता पाठवतात, आणि अडीचशे फुटांवरून ती पकडता येते. आमच्या बिल्डिंगमध्ये अडीचशे फुटांत किती बिऱ्हाडं येतात याचा विचार करा. माझ्याच घरात, काही न करता, आपोआप आकडे पकडले गेले होते. आम्ही दोघांनी त्याच रात्री दुसऱ्या कीबोर्डावरून नेट बँकिंगचे पासवर्ड बदलले.

दुकानात गेलो तेव्हा जे होणार होतं तेच झालं. भिंतीवर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. आधी “कंपनी में जाओ.” मग “बदल के देता हूँ,” म्हणून त्याच चळतीतलं तिसरं खोकं काढलं. त्यावरचा सिरियल नंबर मोठ्याने वाचून दाखवला (तोच होता, अर्थात), तेव्हा सूर बदलला : “ये हमारा माल ही नहीं है. बिल दिखाओ.” ज्याने बिल दिलं नाही तोच बिल मागतो! पॅडावर दुकानाचं नाव का नव्हतं आणि क्यूआरवर भावाचं का होतं, ते तेव्हा कळलं. जीएसटीत नोंदलेल्या दुकानाने प्रवेशाच्या पाटीवर आपला जीएसटी नंबर लावायचा असतो. त्याच्या पाटीवर तोही नव्हता.

पण व्हॉट्सॲपवर ‘बिल कल भेजता हूँ’ होतं, माझ्या चिठ्ठीच्या फोटोच्या खाली, रकमेसकट.

भिंतीवरच्या त्या पाटीला कायद्यात काय किंमत आहे ते माहीत असू द्या. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा कुठल्या ते दिलंय. विकलेल्या मालाचं बिल न देणं ही त्यातली एक. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही दुसरी. मी दुकानात वाद घालत बसलो नाही. घरी येऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली आणि सगळे फोटो चढवले. यात मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. मात्र हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नव्हे, ती समोरच्याला कळवते आणि पाठपुरावा करते, हुकूम सोडत नाही. म्हणून दुकानाच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने एक पानी पत्रही पाठवलं : पैसे परत द्या, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगात येतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला आयोगात फी नाही, आणि २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथल्या आयोगात दाद मागता येते. म्हणजे दुकान शहरात असलं तरी मला उपनगर जिल्ह्याचा आयोग चालतो. हे पत्रात मुद्दाम लिहिलं. ‘हा माणूस परत येणार नाही’ हा त्याचा हिशेब मोडायचा होता.

पत्र मिळाल्यावर फोन आला, एकदम “दादा” म्हणून. माल परत द्या, पैसे पाठवतो. पैसे खात्यात आल्याशिवाय माल देणार नाही म्हटलं. १,४०० आले. त्याचा पोरगा कांदिवली स्टेशनवर सेट न्यायला आला. देण्याआधी बायकोने दोन्ही कीबोर्डांच्या पोटावर आणि खोक्यांच्या चारी बाजूंना पक्क्या मार्करने ठळक ‘नकली’ लिहून ठेवलं होतं. पोराने ते वाचलं आणि काही न बोलता पिशवीत भरलं. सिरियल नंबरचे फोटो आम्ही कंपनीलाही पाठवलेत.

तुम्ही घ्यायला जाल तेव्हा, दोन नग घेत असाल तर खोक्यांवरचे सिरियल नंबर आधी ताडून बघा, एक घेत असाल तर मागच्या चळतीतलं आणखी एक खोकं मागा आणि त्याच्याशी ताडा. आर नंबर काउंटरवर उभं राहूनच ॲपमध्ये टाका. छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात, आणि खोक्यावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि तक्रारीचा नंबर असायलाच हवा. बिल पैसे देण्याआधी तयार करून घ्या, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. जीएसटी नंबर पंधरा अक्षरी असतो, महाराष्ट्राचा २७ने सुरू होतो आणि जीएसटीच्या सरकारी साइटवर टाकला की दुकानाचं नाव येतं. क्यूआरवर वेगळं नाव आलं तर पैसे देऊ नका. डेमोत चार अक्षरं बघून भागत नाही, प्रत्येक कळ दाबा, आणि रिसीव्हर लावलेल्या मशीनपासून पाच-सहा पावलं मागे जाऊन दाबा. दुकानदार वैतागला तर वैतागू दे.

आम्ही दोघं सध्या वायरचे कीबोर्ड वापरतो. ॉ एका फटक्यात उमटतो.

राहिले ते २५२ रुपये. ते मागितले तर त्याचं उत्तर आलं, “वो तो टॅक्स था दादा, गव्हर्मेंट को गया.” गेला असेल तर बिल पाठव, म्हणून लिहिलं. निळ्या टिका उमटल्यात, बिल अजून आलेलं नाही. जीएसटी खात्याकडच्या तक्रारीला तोच स्क्रीनशॉट जोडलाय.